चुंबक आलं नाही त्याचे पेढे

मोशीच्या पुलावर बस आली की मी खिडकीची काच ओढून घेते. इंद्रायणीवर साबणाच्या पाण्यासारखा पांढरा फेस तरंगत असतो, आणि त्याचा वास एकदा नाकात शिरला की चाकण येईपर्यंत निघत नाही. सध्या पावसाने नदी भरून वाहते आहे, फेस वाहून गेलाय, पण हाताला सवय लागली ती लागली. परवा अशीच काच ओढली. रस्त्याचा आवाज बंद झाला आणि मागच्या बाकावरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"आता कॉपर बघ, भावा. सगळी दुनिया कॉपरवर चालणाराय. आज घेतलं नाहीस तर उद्या नुसता बघत बसशील."

बोलणारा माझा नवरा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच वाक्य, ह्याच बाकावरून, ह्याच उत्साहात मी गेल्या पावसाळ्यात ऐकलं होतं. फक्त कॉपरच्या जागी तेव्हा 'रेअर अर्थ' होतं.

लोकांना पावसाळा आला की काय काय आठवतं. कुणाला भजी, कुणाला शाळेची छत्री, कुणाला धबधबे. मला आठवतो तो आमच्या स्टोअरमधला रिकामा रॅक. त्या रॅकसमोर उभं राहून हसणारे चारपाच पुरुष आठवतात. आणि त्यांच्याकडे पाठ करून हातमोज्यांच्या घड्या घालून ठेवणारी सुनंदा आठवते. ह्या तिन्ही गोष्टी आठवल्या की मला अजून कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटतं, आणि ते कुणाचं हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण सकाळी त्याचाही डबा मीच भरते.

आम्ही दोघं एकाच कंपनीत आहोत. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटरी बनतात तिथे. दिलीप मेंटेनन्सला, मी क्वालिटीत, दोघंही पर्मनंट. चिखलीतून कंपनीची बस निघते, मोशी, कुरुळी, आळंदी फाटा करत चाकणला पोचते. रस्ता जवळचा, पण कोंडीमुळे त्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं. त्यामुळे बस हेच आमचं गाव झालंय. भांडणं तिथेच, लग्नं जमतात तिथेच, आणि पेढेही तिथेच.

पेढ्यांचा आमच्या बसमध्ये कडक रिवाज आहे. मुलगा होवो, मुलगी होवो, कुणी दहावी पास होवो, फ्लॅटचा ताबा मिळो, कुणी पर्मनंट होवो, बॉक्स ड्रायव्हरपासून सुरू होतो आणि शेवटच्या बाकापर्यंत फिरतो. घेणाऱ्याने हात पुढे करायचा आणि विचारायचं, "कशाचे?" देणाऱ्याने सांगायचं. मग "अरे वा!" म्हणून पेढा तोंडात टाकायचा. न विचारता पेढा घेणं म्हणजे त्याच्या आनंदाला काडीची किंमत न देणं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून बसमधल्या सगळ्यांना आधीच माहीत असलं तरी प्रत्येकाने विचारायचं, आणि देणाऱ्याने प्रत्येकाला सांगायचं. मला हा रिवाज फार आवडायचा. आवडायचा, असंच म्हणते.

रेअर अर्थचं खूळ आणलं बाळासाहेबांनी. बाळासाहेब मोशीचे, मूळ गावकरी, आमच्या स्टोअरला. त्यांना नोकरीची गरज नाही. शेत गेलं, इमारती आल्या, भाडी येतात. पण घरी बसून काय करायचं म्हणून येतात, आणि पुढच्या बाकावर बसतात, तिथे दुसरं कुणी बसत नाही. त्यांनी आयुष्यात पैसा केला तो नुसता थांबून. त्यांच्या वडलांनी घाई केली नाही, त्यांनी घाई केली नाही, आणि जमीन आपोआप चढत गेली. त्यामुळे थांबणं म्हणजेच अक्कल, असं त्यांचं ठाम मत.

"आमी जमिनीत कमावलं," ते बसमध्ये सांगायचे. "ही बी जमीनच हाय. फक्त वरची न्हाई, खालची. खालच्या मातीला भाव आलाय. घ्यायची आन् गप बसायचं."

आणि माझा नवरा, जामखेडकडून येऊन इथे आयुष्य काढलेला माणूस, ते तोंड उघडं टाकून ऐकायचा. पिंपरी-चिंचवडमध्ये बाहेरून आलेल्या प्रत्येक घरात एक न घेतलेला गुंठा असतो. आमच्याही घरात आहे. लग्न झालं तेव्हा स्पाइन रोडच्या मागे कुणीतरी स्वस्तात देत होतं, दिलीप म्हणाला चिखलात कोण राहणार, आणि आता तिथे उंच उंच टॉवर आहेत. त्या बाजूने बस जाते तेव्हा तो मान फिरवून दुसरीकडे बघतो. मला त्याची कीव येते, आणि कीव आली की राग जास्त येतो. कारण हातातून गेलेला गुंठा त्याने रेअर अर्थच्या शेअरमध्ये शोधला. ह्या वेळी आपण मूर्ख ठरायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सुनंदा माझ्या शेजारी बसायची. परभणीची. कंत्राटावर होती, कितीतरी वर्षं. मी तिला सुनंदाच म्हणायची, ती मला ताई, आणि त्या नात्याने दिलीपला दाजी. तिचं काम चुंबकं बसवायचं. मोटरच्या गोल भांड्यात आतल्या बाजूने एकेक चुंबक चिकटवून बसवायचं, उलटसुलट क्रमाने. दिसायला राखाडी पट्टी, चॉकलेटच्या तुकड्याएवढी. पण दोन पट्ट्या जवळ आल्या की अशा टाळी वाजवून भेटतात की मधे बोट असेल तर संपलं. सुनंदाच्या अंगठ्याचं नख कायम काळंनिळं असायचं. त्या जागेवर सेफ्टी पिन चालत नाही, केसातला आकडा चालत नाही, घड्याळ चालत नाही. ती गेटवरच पिना काढून माझ्याकडे द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची. माझ्या पर्समध्ये अजून तिच्या दोनचार पिना सापडतात.

ती चुंबकं सगळी चीनमधून यायची. ती ज्या धातूंची होतात त्यांनाच रेअर अर्थ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. सुनंदाला तर त्याआधीच बोटांनी कळलं होतं, नाव तेवढं माहीत नव्हतं.

सुनंदाची मुलगी गावाकडे, आजीजवळ. नवरा असून नसल्यासारखा. एकदा तिने मुलीला इथे आणलं होतं, चिखलीच्या शाळेत घातलं होतं. तेवढ्यात तिला ब्रेक मिळाला. कंत्राटी माणसाला मधून मधून घरी बसवतात, म्हणजे त्याची सलग नोकरी भरत नाही, त्यालाच ब्रेक म्हणायचं. किती गोड शब्द आहे बघा, चहाला सोडल्यासारखा. तर खोलीचं भाडं झेपेना, वर्षाच्या मधूनच मुलीला शाळेतून काढून परत पाठवावं लागलं. मुलगी बसस्टँडवर रडली नाही, त्याचंच सुनंदाला जास्त लागलं होतं. "रडली असती तर बरं झालं असतं, ताई. ती म्हनली, मला माहीतच होतं." तेव्हापासून सुनंदाने ठरवलं, पर्मनंट झाल्याशिवाय लेकीला आणायचं नाही. आणि त्या वर्षी साहेब स्वतः बोलले होते की लाइन नीट चालली तर दसऱ्याला काही बायकांना पर्मनंट करू. सुनंदाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तिने शाळेची चौकशीसुद्धा करून ठेवली होती, मला न सांगता. शाळेतल्या बाईंनीच मला सांगितलं.

मग चीनने चुंबकं अडवली. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. आमच्याकडे ते रॅकवर आलं. आधी वरचा कप्पा रिकामा झाला, मग मधला. रिकाम्या लोखंडी कप्प्यांवर पावसाळी ओल धरायला लागली. लाइन कधी चालायची, कधी थांबायची. थांबली की तो एकसुरी गुरगुराट बंद व्हायचा आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा. कारखान्यात पाऊस ऐकू येणं फार वाईट असतं. आम्हा पर्मनंट लोकांना मग झाडूपोछा, मशिनला रंग, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या नव्याने मारणं अशी कामं. पगार चालू. सुनंदा आणि तिच्यासारख्या बायका हातमोजे घालून बाकावर बसून राहायच्या, कुणी हाक मारेल म्हणून.

आणि इकडे बाळासाहेब, दिलीप आणि त्यांच्या मंडळींचा सण सुरू झाला. ह्यांनी शेअर घेतला होता एका लहानशा खाण कंपनीचा. दूर कुठल्या तरी किनाऱ्यावरची वाळू ती उपसणार होती. अजून चिमूटभर उपसली नव्हती, उपसणार आहे असं म्हणाली होती. कुणी तो किनारा पाहिला नव्हता, कुणाला त्या कंपनीचा मालक कोण हेही सांगता आलं नसतं. पण ह्यांचा विश्वास पक्का होता, कारण ह्यांच्याकडे आतली खबर होती. आतली खबर म्हणजे काय, तर आमचा रॅक! शेअर बाजारातल्या मोठमोठ्या लोकांना जे पेपरातून कळतं ते आपल्याला डोळ्यांनी दिसतं, ह्याची ह्यांना केवढी ऐट. सकाळी बसमधून उतरलं की कार्ड पंच करायच्या आधी स्टोअरकडे. "आलं का, बाळासाहेब?" "न्हाई आलं." आणि हसू. देवळात जाऊन आल्यासारखे प्रसन्न चेहरे करून कामाला लागायचे, म्हणजे न लागायचे.

जगात इतके लोक शेअर घेत असतील, पण आपल्याच लाइनचं पोट रिकामं राहावं म्हणून रोज चौकशी करणारे आमच्या बसमध्येच निघावेत!

घरी मसाल्याच्या डब्याला मोबाइल टेकवून दिलीप नाश्ता करताना व्हिडिओ बघायचा. त्यात एक चष्मेवाला माणूस नकाशासमोर उभा राहून ओरडायचा. ओरडण्यात एवढी तळमळ की वाटावं ह्याच्या घरचंच लग्न आहे. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "मॅग्नेट आलंच नाही तर लाइन बंद पडेल ना?"

"पडू दे की," तो म्हणाला. "लाइन कंपनीची आहे. शेअर आपला आहे."

लाटणं हातात होतं. मी ते खाली ठेवलं, एवढं मला माझं कौतुक आहे.

"आणि सुनंदा?" मी विचारलं.

"तिचं काय? ती काय आपल्यामुळे बसलीय का? चीनमुळे बसलीय."

आणि हे खरंच होतं. तो मुद्दा मला आजही खोडता येत नाही. त्यांनी शेअर घेतला नसता तरी चुंबकं आली नसतीच. त्यांच्या हसण्याने बोटी अडल्या नव्हत्या. पण एखाद्याच्या घराला आग लागली असताना तिथे हात शेकत उभं राहणारा माणूस आग लावणारा नसतो म्हणून चांगला होतो का? मला तेव्हाही वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही.

मग तो दिवस. दुपारी सुपरवायझरने कंत्राटी बायकांना गेटजवळच्या शेडखाली गोळा केलं. पाऊस मुसळधार. तो छत्री घेऊन आला होता, ती त्याने बोलतानाही मिटली नाही. "उद्यापासून थोडे दिवस येऊ नका. मटेरियल आलं की फोन करतो." बास. सुनंदा माझ्याकडे आली, पिना मागून घेतल्या आणि तिथेच उभी राहून एकेक लावत राहिली.

संध्याकाळी बस चाकणच्या चौकात अडकली, रोजच्यासारखी. आमची कोंडी एवढी भरवशाची की माणूस बसमधून उतरून, मिठाई घेऊन, सुट्टे मोजून परत चढतो, आणि बस तीच पाटी वाचत उभी असते. दिलीप आणि बाळासाहेब उतरले. चढले तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचे बॉक्स होते, पावसाने झाकणं भिजलेली. त्या दिवशी त्यांच्या शेअरला म्हणे वरचं सर्किट लागलं होतं, म्हणजे त्या दिवशी जेवढा चढू देतात तेवढा चढला आणि विकायलाच कुणी तयार नाही. बस टाळ्या वाजवत होती. ज्यांनी शेअर घेतला नव्हता तेही वाजवत होते, पेढा फुकटचा म्हणून.

बॉक्स आमच्या बाकाशी आला. सुनंदाने हात पुढे केला. काळ्या नखाचा हात. रिवाजाप्रमाणे तिने विचारलं, "कशाचे पेढे हो, दाजी?"

दिलीप आनंदात होता. आनंदात माणूस समोर कोण आहे ते बघत नाही. तो म्हणाला, "मॅग्नेट आलं नाही, त्याचे!"

मागे हशा झाला. मग तो मध्येच तुटला, कारण कुणाकुणाच्या लक्षात आलं असावं. दिलीपच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी माझा पेढा खिडकीतून बाहेर फेकला. त्यावर मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "वहिनी, अन्नाचा अपमान करू नये." बघा, ह्या बसमध्ये त्या दिवशी अपमान झाला तो पेढ्याचा!

सुनंदाने मात्र पेढा फेकला नाही. तिने "अरे वा" म्हटलं, अगदी म्हणतात तसं. मग रुमालात नीट गुंडाळून पिशवीत ठेवला. "लेकीला नेते," ती मला म्हणाली. "आता गावाकडंच जायचंय की."

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिची मुलगी तिच्यावर गेली आहे.

पुढचं सगळं पावसाळ्यात विरघळून गेलं. श्रावण गेला, गणपती गेले. चुंबकं आलीच नाहीत, पण कंपनीने वाट काढली. आता चीनमधूनच मोटरची ती गोल भांडी तयार यायला लागली, आतमध्ये चुंबकं बसवूनच. लाइन सुरू झाली, गुरगुराट परत आला, सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त चुंबक बसवायची जागा उरली नाही. तिच्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं. खंडेनवमीला आम्ही सगळी यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून पुजतो. त्या झाकलेल्या टेबलालाही झेंडूची माळ घातली. घातली कुणी, तर दिलीपने. मी बघत राहिले. दसऱ्याला पर्मनंट कुणीच झालं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

शेअर जसा चढला तसा घसरला. विकायचा तेव्हा विकला नाही, कारण बाळासाहेब म्हणाले थांबा. आता ती मंडळी त्याला 'लाँग टर्म' म्हणतात. "जमिनीला बी थांबलोच व्हतो की," बाळासाहेब म्हणतात. त्यांचं बरं आहे, त्यांची भाडी चालू आहेत. दिलीप स्पाइन रोडला मान फिरवतो तसा आता मोबाइलमधल्या त्या एका ओळीवरून बोट पुढे सरकवतो. मला वाईट वाटावं अशी त्याची अपेक्षा असते. मी वाईट वाटू देत नाही.

सुनंदा ह्या उन्हाळ्यात परत आली. दुसऱ्या कंत्राटदाराकडून, नवं कार्ड, नवा फोटो. कार्डावर ती नवीन आहे. आधीची सगळी वर्षं कुठे गेली ते कुणी सांगू शकत नाही, जणू ती वर्षं ती कुठे तरी फिरायलाच गेली होती. आता ती वायंडिंगला आहे, म्हणजे मोटरीसाठी तांब्याची तार गुंडाळायला. नख बरं झालंय, बोटांना बारीक चिरा पडल्यात. बसमध्ये माझ्याच शेजारी बसते. साहेब पुन्हा म्हणालेत, दसऱ्याला बघू. तिने पुन्हा शाळेत चौकशी केलीय. शाळा सुरू झाल्यात, पण बाई म्हणाल्या अजून नाव घालता येईल.

आणि तांब्याचा भाव वाढतोय. कँटीनमध्ये कुजबुज आहे की तांबं परवडत नाही म्हणून वायंडिंग बाहेरून करून घेणार. खरं खोटं देव जाणे. मेंटेनन्सवाल्यांना अशा गोष्टी आधी कळतात, कुठलं मशिन हलवायचं ते त्यांनाच सांगतात. मी दिलीपला विचारलं तर तो म्हणाला, तुला काय करायचंय.

काल संध्याकाळी बस चाकणच्या चौकात अडकली. पाऊस बारीक होता. दिलीप उतरला. मला वाटलं सिगारेटला गेला असेल. चढला तेव्हा हातात बॉक्स होता. माझ्याकडे न बघता त्याने ड्रायव्हरपासून सुरुवात केली. "कॉपरचे," "कॉपरचे," असं सांगत पुढे सरकत होता, आणि लोक "अरे वा" म्हणत होते. मी काच सरकवून ठेवली, हात मोकळा ठेवला. ह्या वेळी एक पेढा फेकून मी थांबणार नव्हते.

तो आमच्या बाकाशी आला आणि क्षणभर थबकला. मला वाटतं त्याला आठवलं. बॉक्स पुढे न्यावा की इथे धरावा, हे त्याला कळेना. सुनंदाने त्याची सुटका केली नाही. तिने हात पुढे केला, रिवाजाप्रमाणे.

"कशाचे पेढे हो, दाजी?"

"असेच," दिलीप पुटपुटला. "असेच आपले. घे ना."

"असेच कोन वाटतं?" सुनंदा म्हणाली. आवाजात राग नव्हता. दुकानात भाव विचारावा तसं तिने विचारलं. "तुमाला आदी कळतं. माझी लाइन बंद होनार हाय का, तेवढं सांगा. लेकीला औंदा आनू का नको, ते मला ठरवाया लागतंय. सांगा, मग घेते पेढा."

माझा मोकळा ठेवलेला हात मांडीवर आला. मला काहीच करायचं उरलं नव्हतं. मागे कुणी हसलं नाही, कुणी पुढे सरक म्हटलं नाही. बस त्याच पाटीसमोर उभी होती. दिलीप तिच्या हाताकडे बघत होता, त्या बारीक चिरांकडे. तिचा हात तसाच पुढे होता.